ॲसिटिक ॲनहायड्राइडचा धंदा: नोंदणी, किलोचा हिशेब आणि रोखीचं गिऱ्हाईक

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबडला सॉल्व्हंट आणि इंटरमिजिएटचं (दुसरं रसायन बनवताना मधल्या टप्प्यावर लागणाऱ्या रसायनांचं) छोटं ट्रेडिंग आहे. सिन्नरच्या एका कारखान्याला ॲसिटिक ॲनहायड्राइड (कारखान्यांत लागणारं, पण हेरॉइन बनवायलाही वापरलं जाणारं द्रव रसायन) पुरवायची ऑर्डर मिळतेय, त्याला काय काय लागतं? शिंदे-पळसे बाजूच्या एका गाळ्यातून नवीन गिऱ्हाईक एक इंटरमिजिएट मागतंय. ते कुठल्याही यादीत नाही, पैसे रोख आणि आगाऊ देतो म्हणतंय. विकलं तर अंगाशी येईल का? आणि वडिलांच्या नावावरचा एक गाळा भाड्याने दिलाय, त्याची काही जबाबदारी येते का?

तिन्हींचा कायदा एकच, 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापील आहे, ते वाचून करता येतं. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच अनुसूचीत मिळणार नाही, आणि नाशिकमध्ये माणसं अडकतात ती बहुतेक तिथेच. तरी क्रमाने घेऊ.

एनडीपीएसच्या कलम 9अ नुसार केंद्र सरकार काही रसायनं ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणून जाहीर करतं आणि त्यांचं उत्पादन, विक्री, साठवण, वाहतूक यांवर आदेश काढतं. सध्याचा आदेश 26 मार्च 2013 चा आहे. त्याआधी 1993 चा होता. जुन्या व्यापाऱ्यांच्या फायलीत अजून 1993 चे नमुने सापडतात, ते वापरू नका. 2013 च्या आदेशात तीन अनुसूची आहेत. अनुसूची अ मधला माल देशात बनवणं, विकणं, घेणं, ठेवणं, वापरणं या सगळ्याला नोंदणी लागते. अनुसूची ब निर्यातीसाठी आणि क आयातीसाठी. त्या दोन्हींना ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स कमिशनरचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. तुमचं काम देशातल्या देशात आहे, म्हणजे अनुसूची अ.

2013 मध्ये या अनुसूचीत पाच नावं होती: ॲसिटिक ॲनहायड्राइड, एन-ॲसिटिल अँथ्रानिलिक ॲसिड, अँथ्रानिलिक ॲसिड, इफेड्रिन आणि स्यूडोइफेड्रिन. शेवटच्या दोघांचे क्षार आणि त्यांच्यापासून केलेली मिश्रणंही धरायची. फेंटानिल या अमली पदार्थाच्या साखळीतली एनपीपी आणि एएनपीपी ही दोन रसायनं 2018 मध्ये आली. यादीत भर पडत राहते, म्हणून नवीन माल घेण्याआधी राजपत्रातली ताजी अधिसूचना स्वतः बघा. सप्लायरच्या सेल्समनने ‘याला काही लागत नाही’ असं सांगितलं, एवढ्यावर ट्रक भरू नका.

आणि यादीशी नाव जुळवत बसू नका, कॅस नंबर जुळवा, म्हणजे प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक. ॲसिटिक ॲनहायड्राइडचा 108-24-7, अँथ्रानिलिक ॲसिडचा 118-92-3. एकाच रसायनाला पाच-सात व्यापारी नावं असतात. अँथ्रानिलिक ॲसिड हे दुसऱ्या नावाने 2-अमिनोबेंझोइक ॲसिड असतं, आणि त्या नावाचं बिल टॅलीत वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. आयटम मास्टरमध्ये कॅस नंबरचा रकाना सक्तीचा करून टाका, एका दुपारचं काम आहे.

नोंदणीचा अर्ज एनसीबीच्या, म्हणजे नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोच्या, विभागीय संचालकांकडे जातो. नाशिकसाठी ते मुंबईचं कार्यालय. मंजूर झाला की युनिक रजिस्ट्रेशन नंबर मिळतो, धंद्यात त्याला यूआरएन म्हणतात. ऑफिस अंबडला आणि गोडाऊन विल्होळीला असेल तर दोन्ही पत्ते अर्जात स्पष्ट दाखवा. नोंदलेल्या जागेच्या बाहेर एक ड्रमसुद्धा ठेवायचा नाही, ‘दोन दिवस शेजारच्या शेडमध्ये’ तर अजिबात नाही. यूआरएन हातात येईपर्यंत ॲडव्हान्स घेऊ नका, मालाची ऑर्डर टाकू नका. अर्ज केला आहे याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. आदेश मोडला तर कलम 25अ: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, कारणं नोंदवून न्यायालय दंड वाढवूही शकतं. कंपनी असेल तर कलम 38 खाली कारभार पाहणारे संचालकही आत येतात.

विक्रीची पद्धत अशी. सिन्नरच्या कारखान्याचा स्वतःचा यूआरएन हवा. त्यांच्याकडून ओळखीची कागदपत्रं आणि माल कशासाठी लागतो याचं लेखी घोषणापत्र घ्यायचं. माल निघतो तो विहित नमुन्यातल्या कन्साइनमेंट नोटसह. ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी हे तिच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. माल पोचला की घेणाऱ्याने प्रत्यक्ष मिळालेलं वजन टाकून सही केलेली प्रत तुमच्याकडे परत यायला हवी. सगळ्यात जास्त हलगर्जी या परतीच्या प्रतीतच होते. पाठवलेल्याची प्रत फायलीत असते, पोचल्याची नसते, आणि तपासणीला आलेला अधिकारी नेमकी तीच मागतो. सात दिवसांत प्रत आली नाही तर पुढचा ट्रक सोडायचा नाही, असा नियम स्वतःला घालून घ्या आणि गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगून ठेवा.

रोजचं रजिस्टर, दर तिमाहीचं विवरणपत्र आणि चोरी, गळती किंवा बेपत्ता मालाची तातडीने खबर हे उरलेलं कागदी काम. तिमाहीत एकही व्यवहार झाला नसेल तरी शून्याचं विवरणपत्र भरा.

आता वजनाकडे येऊ, कारण या मालात खरी कसोटी तिथे आहे. ॲसिटिक ॲनहायड्राइडची घनता साधारण 1.08, म्हणजे 200 लिटरच्या ड्रममध्ये काठोकाठ 216 किलो. बरेच जण खरेदी किलोत करतात, टाकीतला साठा डिपस्टिकने लिटरमध्ये मोजतात आणि विक्री पुन्हा किलोत लिहितात. हा द्रव तापला की दर दहा अंशांना सुमारे एक टक्का फुगतो. जानेवारीत सकाळी नाशिकला पारा दहाच्या आसपास, मे महिन्याच्या दुपारी चाळीस. एकच माल लिटरमध्ये तीन टक्क्यांनी वेगळा दिसेल. 10 टनांच्या साठ्यावर हा फरक 300 किलोंचा होतो. चोर कोणी नसतो, पण रजिस्टर चोरी दाखवतं. म्हणून खरेदी, साठा, विक्री, घट हे सगळं फक्त किलोत ठेवा. लिटर हा शब्दच त्या रजिस्टरमध्ये नको.

दुसरी भानगड टँकरची. पाठवणाऱ्याच्या काट्यावरचं भरलेलं वजन आणि आपल्या काट्यावरचं भरलेलं वजन यांची वजाबाकी करून ‘पन्नास किलो कमी’ असं लिहिणारे खूप आहेत. वाटेत 60 लिटर डिझेल जळलं की गाडीचे 50 किलो तिथेच गेले. त्यामुळे एकाच काट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी अशी दोन्ही वजनं घ्यायची, दोन्ही चिठ्ठ्या जोडायच्या आणि निव्वळ वजनाशी निव्वळ वजन ताडायचं. ट्रकचा वजनकाटा 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने दाखवतो, दोन काट्यांत वीस-तीस किलोंचा फरक सहज पडतो. ड्रममधला माल मात्र प्लॅटफॉर्म काट्यावरच तोलायचा: रिकामा ड्रम वेगळा, भरलेला वेगळा, प्रत्येक ड्रमला नंबर, प्रत्येक नंबरला सील. अर्धा काढलेला ड्रम दिवस संपताना पुन्हा तोलून नव्या सीलचा नंबर लिहायचा.

घट किती मान्य करायची हे आधीच ठरवून कागदावर आणा. ‘अर्धा टक्का तर जातोच’ हे ऐकायला साधं वाटतं. 20 टनांच्या टँकरला अर्धा टक्का म्हणजे 100 किलो, जवळपास अर्धा ड्रम. दर टँकरला अर्धा ड्रम हवेत विरतो हे कोणी मान्य करणार नाही. कारण सांगता येईल तेवढीच घट लिहा: पाइपात राहिलेला माल, ड्रमच्या तळाशी उरलेला, सॅम्पलचा. प्रत्येकाचं वजन एकदा खरंच मोजून ठेवा.

ड्रमच्या तळाचं तर बघाच. ‘रिकाम्या’ ड्रममध्ये पंप उचलू शकत नाही असा पाव ते अर्धा लिटर माल राहतो. शंभर ड्रमांचे तीस-चाळीस लिटर. भंगारवाला ड्रम घेऊन जातो तेव्हा लेबलसकट घेऊन जातो, आणि पुढे कुठे एखाद्या शेडमध्ये तो ड्रम सापडला की त्यावर नाव तुमच्या सप्लायरचं आणि बॅच नंबर तुमच्या बिलातला असतो. लेबल खरवडून काढा, ड्रमला भोक पाडा, आणि धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार अधिकृत रिसायकलरलाच द्या. दूषित रिकामे ड्रम त्या नियमांत 33.1 या नोंदीखाली येतात. एक सावधगिरी: हमाल ड्रमात पाण्याचा पाइप सोडून बूच लावून हलवतात. ॲनहायड्राइड आणि पाणी मिळून ॲसिटिक ॲसिड होतं आणि चांगलीच उष्णता सुटते, बंद ड्रममध्ये तर वाफ डोळ्यांवर येते. हे काम केमिस्टच्या देखरेखीखालीच.

गिऱ्हाइकाची मागणी खरी आहे का हे पाहायला एक चांगला कागद आहे: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र. त्यात कारखाना कुठलं उत्पादन महिन्याला किती टन करू शकतो हे छापलेलं असतं. त्यांच्याकडून एक किलो उत्पादनामागे ॲनहायड्राइड किती लागतं ते लेखी घ्या आणि गुणाकार करा. समजा 10 टन उत्पादनाची परवानगी आहे आणि किलोमागे 600 ग्रॅम खप सांगितलाय, तर महिन्याची गरज 6 टनांची. ऑर्डर 9 टनांची आली तर वरचे 3 टन कुठे जाणार हे विचारायचं. उत्तर ‘साठा करतोय’ असेल तर पुढच्या महिन्याची ऑर्डर तेवढी कमी व्हायला हवी. नाही झाली तर थांबा. हे विचारल्यावर चांगला कारखानदार रागावत नाही, त्याचा पर्चेस मॅनेजर आकडे पाठ सांगतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

‘यादीत नाही, म्हणजे मोकळं’ हे गणित चुकीचं आहे. 2013 ची यादी वाचा: त्यातली नावं हेरॉइन, मँड्रॅक्स आणि मेथाम्फेटामाइनच्या बाजूची होती. महाराष्ट्रात ज्या एमडीने, म्हणजे मेफेड्रोनने, धुमाकूळ घातला त्याची साखळी त्या यादीत नव्हतीच. मेफेड्रोन स्वतः एनडीपीएसखाली आलं फेब्रुवारी 2015 मध्ये. 50 ग्रॅम म्हणजे व्यावसायिक मात्रा. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी शिंदे गावातल्या कारखान्यावर धाड घातली, तिथे हेच बनत होतं. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत शेकडो किलो पकडलं. असं उत्पादन टनाच्या घरात जातं तेव्हा कच्चा माल कुणीतरी बिलाने किंवा बिनबिलाने विकलेलाच असतो, आणि तपास त्या बिलांच्या मागे उलटा चालत येतो.

कायदा मागे राहतो याला कारण आहे. एक रसायन यादीत आलं की बनवणारे त्याच्या एक पायरी मागच्या किंवा थोड्या बदललेल्या रसायनाकडे वळतात. अमली पदार्थांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1988 च्या व्हिएन्ना कराराच्या याद्यांत म्हणूनच 2024 मध्ये सुटं नाव घालण्याऐवजी काही रसायनांची अख्खी कुटुंबंच घातली गेली. तरी यादी मागे, बाजार पुढे. मधली पोकळी भरायची ती विक्रेत्याने. आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स नियंत्रण मंडळाने रसायन उद्योगासाठी स्वेच्छा आचारसंहितेची मार्गदर्शिका 2009 मध्येच काढली ती याचसाठी.

यादीबाहेरचा माल विकला म्हणून कलम 25अ लागणार नाही, हे खरं. पण माल कुठे जातोय हे ठाऊक असून दिला तर कलम 29, म्हणजे साहाय्य आणि कट, आणि शिक्षा मूळ गुन्ह्याची. त्यात कलम 35 आहे: दोषी मनोवृत्ती न्यायालय गृहीत धरतं, ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं, आणि तेही वाजवी शंकेपलीकडे. ‘मला माहीत नव्हतं’ हे तोंडाने सांगून भागत नाही, त्याला त्या वेळचा कागद लागतो.

तुम्ही सांगितलेल्या गिऱ्हाइकात नुसती रोख एवढी एकच खूण पुरेशी नाही. नाशिकच्या बाजारात रोखीची सवय जुनी आहे. (दोन लाख आणि त्यावरची रोख घेणं आयकर कायद्यात बंद आहे, ती गोष्ट वेगळी.) पण खुणा एकावर एक पडायला लागल्या की बघा. जीएसटी नंबर दोन-तीन महिन्यांचा आणि व्यवसाय ‘ट्रेडिंग’. गाळ्याला पाटी नाही, प्रदूषण मंडळाची संमती नाही, सांडपाण्याची सोय नाही, तरी ‘रिॲक्शन आम्हीच करतो’ म्हणतो. भाव पाडत नाही. शुद्धता कितीची आहे हे विचारत नाही, फक्त कधी मिळेल एवढंच विचारतो. बिलावर मालाचं नाव नुसतं ‘केमिकल’ टाका म्हणतो, लेबल काढून द्या म्हणतो. महाराष्ट्रात राज्यांतर्गत ई-वे बिलाची मर्यादा एक लाख आहे, म्हणून पंच्याण्णव हजारांची बिलं तोडून मागतो. स्वतःची पिकअप रात्री पाठवतो, किंवा आडगाव ट्रक टर्मिनलवर ‘सेल्फ’च्या बिल्टीने माल टाकायला सांगतो. यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर जागेवर जाऊन या. तीन दिसल्या तर जायचीही गरज नाही, सरळ नकार.

जागेवर गेलात तर कौतुकाने मशिनरी बघू नका, मीटर बघा. ज्या गाळ्यात महिन्याला टनाने माल लागतो तिथे थ्री-फेज जोडणी, बॉयलर किंवा हीटिंगची सोय, पाण्याचा वापर आणि कामगारांची हजेरी दिसायला हवी. शटर अर्धं बंद, खिडक्यांना आतून ताडपत्री आणि दिवसा कोणी नाही, हे रंगरसायनाच्या कारखान्याचं चित्र नाही.

तर काय करायचं? माल देऊ नका आणि त्याला जाबही विचारू नका. ‘सध्या स्टॉक नाही’ एवढं पुरे. त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, फोन नंबर, जीएसटी नंबर, मागितलेल्या मालाचं नाव, कॅस नंबर, मात्रा आणि तारीख एका कागदावर उतरवा आणि 1933 या मानस हेल्पलाइनवर (अमली पदार्थांविरोधातली सरकारी हेल्पलाइन) किंवा एनसीबीच्या मुंबई कार्यालयाला कळवा. शिंदे-पळसे नाशिक शहर आयुक्तालयात येतं, तिथलं अमली पदार्थ विरोधी पथक जवळ पडेल. सिन्नर, दिंडोरी, गोंदे इथलं काही असेल तर ग्रामीण पोलीस अधीक्षक. कळवल्याची पोच जपून ठेवा. ‘नमुना म्हणून एक किलो देऊन बघू’ हा शहाणपणा करू नका.

पार्सलने परदेशात माल पाठवा म्हणणाऱ्यांबद्दलही हेच. जानेवारी 2025 मध्ये सुरतच्या दोन कंपन्यांवर न्यूयॉर्कमध्ये खटला दाखल झाला. आरोप असा की फेंटानिलची कच्ची रसायनं ‘व्हिटॅमिन सी’ वगैरे खोट्या लेबलखाली पाठवली. ऑनलाइन पोर्टलवर तुमचा मुलगा किंवा सेल्सचा पोऱ्या दोनशे कॅस नंबरांची यादी ‘उपलब्ध’ म्हणून टाकून मोकळा होतो, आणि अशा चौकशा त्यातूनच येतात. जे विकत नाही ते यादीतून काढा.

गाळ्याचं उत्तर लहान आहे पण गंभीर आहे. कलम 25 नुसार मालकाने जाणूनबुजून जागा या कामाला वापरू दिली तर त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे, पण वरचं कलम 35 विसरू नका. नोंदणीकृत भाडेकरार, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच, आत काय बनणार याचं लेखी, आणि एमआयडीसीचा प्लॉट असेल तर पोटभाड्याची एमआयडीसीची परवानगी. करारात एक कलम घाला: मालक चोवीस तासांच्या सूचनेवर आत येऊन पाहू शकतो. आणि ते कलम वापरा, दर महिन्याला. बाजारभावापेक्षा जास्त भाडं, अकरा महिन्यांचं एकदम रोख, आणि ‘आत येऊ नका, आमचा फॉर्म्युला गुप्त आहे’ असं ऐकलं तर करार संपण्याची वाट पाहू नका, वकिलाकडून नोटीस द्या. तुमचा स्वतःचा टेम्पो असेल तर कलम 60 ही वाचून ठेवा: माल पकडला गेला तर वाहन जप्त होतं, आणि मालक, त्याचा माणूस व ड्रायव्हर यांना माहीत नव्हतं, शिवाय वाजवी काळजी घेतली होती, हे मालकानेच दाखवायचं असतं.

या नव्या गिऱ्हाइकाला आधी एखादा ड्रम गेलेला असेल, तर बिल, चलन, बिल्टी आणि पैसे आल्याची नोंद आहे तशी ठेवा. मागच्या तारखेचं घोषणापत्र बनवून घेऊ नका, खोटा कागद मूळ विक्रीपेक्षा जास्त बुडवतो. फौजदारीचा वकील गाठा आणि त्याच्यासोबत, पोलीस दारात येण्याच्या आधी, स्वतः जाऊन माहिती द्या. नवीन यूआरएनचा अर्ज त्यानंतर टाका.